जपानी पलटणीतले बलुतेदार: दुसऱ्या महायुद्धातले ट्रेड बॅज कसे ओळखायचे, घ्यायचे आणि जपायचे

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी वस्तू जमवायच्या म्हटलं की नवीन माणूस आधी तलवारीकडे धावतो, मग सह्यांच्या झेंड्याकडे (म्हणजे सैनिकाला निरोप देताना लोकांनी सह्या करून दिलेला झेंडा), मग अधिकाऱ्याच्या टोपीकडे. तलवार म्हणजे पैसा, लायसन्सची भानगड आणि खोट्या मालाचा महापूर. त्यापेक्षा मी सांगतो तो कोपरा बघा. सैन्यात फक्त लढणारे नसतात, नालबंद असतो, जिनगर असतो, शिंपी, मोची, सुतार, लोहार, बंदूक दुरुस्त करणारा, बिगुलवाला, गुरांचा डॉक्टर, हिशेबनीस, कंपाउंडर, सगळे असतात. एका पलटणीत अख्खं गाव बलुतेदारांसकट चालत असतं म्हणा ना. या लोकांच्या गणवेशावर त्यांच्या कामाची किंवा विभागाची खूण असायची, आणि हे कापडाचे छोटे तुकडे बाजारात अजून बऱ्यापैकी मिळतात, पाकिटात मावतात, पोस्टाने येतात. पण ओळखता यायला पाहिजेत, आणि त्यासाठी विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची नाही, कापड बघायचं. लेख लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी काळ समजून घ्या, नाहीतर सगळाच गोंधळ

जपानी भूदलाच्या गणवेशात १९३८ साली मोठा बदल झाला. जपानी हिशेबात हे शोवा १३. शोवा वर्षात १९२५ मिळवले की आपलं इसवी साल येतं, म्हणजे शोवा १५ म्हणजे १९४०, शोवा १८ म्हणजे १९४३, शोवा २० म्हणजे १९४५. हे गणित पाठच करा, पुढे शिक्का वाचताना रोज लागतं.

१९३८च्या आधी हुद्दा खांद्यावर असायचा आणि कॉलरवर शाखेच्या रंगाची, टोकाला खाच असलेली पट्टी असायची, तिच्यावर रेजिमेंटचा पितळी नंबर लावायचे. १९३८मध्ये हुद्दा खांद्यावरून उतरून कॉलरवर आला, छोट्या लाल पट्टीवर पिवळ्या रेघा आणि चांदण्या. मग शाखेचा रंग दाखवायचा कुठे? तर उजव्या छातीवर, खिशाच्या वर, नागमोडी डोंगरासारखी कापडी पट्टी आली. बाहेरचे कलेक्टर तिला एम-बॅज म्हणतात, काहीजण डब्ल्यू-बॅज म्हणतात, वाद घालत बसतात, आपल्याला काय त्याचं. जपानी नाव क्योशो, म्हणजे छातीवरचं चिन्ह.

आता रंग. पायदळ लाल, घोडदळ पोपटीकडे झुकणारा हिरवा, तोफखाना पिवळा, इंजिनिअर तपकिरी, वाहतूक म्हणजे सामान वाहणारे लोक निळीसारखा निळा, विमानदळ फिका निळा, लष्करी पोलीस काळा. आणि सेवा विभाग, ज्यांच्यासाठी हा लेख लिहितोय: वैद्यकीय गडद हिरवा, पशुवैद्यकीय जांभळा, हिशेब-पुरवठा म्हणजे इंटेंडन्स चंदेरी झाक असलेला तपकिरी, बँड गर्द निळा, कायदा विभाग पांढरा, तांत्रिक विभाग पिवळा.

यातली मेख अशी की १९४०मध्ये लष्करी पोलीस सोडून लढाऊ शाखांची ही वेगळी विभागणीच काढून टाकली, त्यामुळे लाल, पोपटी, तपकिरी अशा लढाऊ शाखांच्या क्योशोला अधिकृत आयुष्य जेमतेम दोन वर्षं मिळालं. सेवा विभागांचे मात्र पुढे चालू राहिले. तांत्रिक विभागही १९४०चाच. म्हणजे पिवळा एम समोर आला तर तो १९३८ ते ४०मधला तोफखानेवाला असू शकतो किंवा नंतरचा तांत्रिक विभागाचा माणूस, आणि सुटा तुकडा असेल तर नुसत्या रंगावरून ठरत नाही. विकणारा छातीठोकपणे "आर्टिलरी, रेअर" लिहितो तेव्हा त्याला विचारा, कशावरून? उत्तर आलं तर चांगलंच, नाही आलं तर किंमत कमी करायला सांगा. पांढऱ्याचं पण तसंच, कायदा विभाग लष्करी पद्धतीने १९४२मध्ये बसवला, म्हणून "पांढरा, १९३८चा" असं कोणी लिहिलं तर भुवया उंचावायच्या.

काय जमवायचं ते ठरवा

सगळंच घ्यायला गेलात तर सहा महिन्यांत खोका भरेल आणि अर्थ काही लागणार नाही. मला विचाराल तर सुरुवात सेवा विभागांच्या क्योशोंपासून करा, एकेक रंग. गडद हिरवा त्यातल्या त्यात सहज दिसतो कारण वैद्यकीय विभाग सगळीकडे होता. जांभळा शोधावा लागतो, पण तो घ्याच, कारण जपानी सैन्य जनावरांवर किती अवलंबून होतं ते त्या एका तुकड्यातून कळतं. १९४४च्या इंफाळ मोहिमेत तर मुतागुची या जनरलने रसद म्हणून चालती गुरं बरोबर घेतली होती, चिंदविन नदी आणि डोंगर पार करताना त्यातली किती तरी गेली. अशा सैन्यात पशुवैद्य आणि नालबंद ही चैन नव्हती.

दुसरा गट म्हणजे धंद्याचं चित्र असलेले बॅज, बिगुल, घोड्याची नाल वगैरे. कॉलरवर लावायची धातूची चिन्हंही असायची, रणगाडेवाल्यांचं समोरून दिसणाऱ्या रणगाड्याचं, विमानदळाचं पंख-प्रॉपेलरचं. हे देखणे असतात म्हणून महाग आणि म्हणूनच यांच्या नकला जास्त. तिसरा गट दंडावरच्या पट्ट्या, वानशो. यात लष्करी पोलिसांची म्हणजे केम्पेइताईची पांढऱ्यावर लाल अक्षरांची पट्टी सगळ्यांना हवी असते आणि म्हणूनच ती नव्या माणसाने घेऊ नये, बाजारात फिरणाऱ्या बहुतेक नवीन असतात. शिवाय अंदमान १९४२ ते १९४५ जपान्यांच्या ताब्यात होतं आणि सेल्युलर जेलमध्ये तेव्हा स्थानिक लोकांचं काय झालं ते वाचलं असेल तर ती पट्टी शोकेसमध्ये मिरवायची वस्तू वाटणार नाही. ठेवायचीच असेल तर संदर्भासकट ठेवा.

बघायला शिका, विकत नंतर

नवशिके हीच पायरी गाळतात. पैसे खर्च करायच्या आधी निदान दोन-तीन महिने फक्त बघा. अमेरिकन वॉर डिपार्टमेंटने ऑक्टोबर १९४४मध्ये आपल्या लोकांसाठी जपानी सैन्यावर एक हँडबुक काढलं होतं, त्यात गणवेश आणि बॅजची रंगीत पानं आहेत, स्कॅन फुकट मिळतात. जपान सरकारच्या आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या डिजिटल संग्रहात मूळ आदेशांची कागदपत्रं चाळता येतात, जपानी येत नसलं तरी आकृत्या बघता येतात, फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करता येतं. टोकियोला कधी गेलात तर यासुकुनी मंदिरातलं युशुकान हे युद्धसंग्रहालय बघा, तिथली इतिहासाची मांडणी पटेल असं नाही पण काचेतलं कापड खरं आहे. आपल्या देशात इंफाळचं पीस म्युझियम आहे, २०१९मध्ये रेड हिलपाशी सुरू झालं, आणि कोहिमाजवळ किसामाला युद्धसंग्रहालय आहे. खरा लोकरी खाकी कपडा, त्याचा विरलेला पोत, उन्हात उडालेला रंग डोळ्यांत बसवा. फोटोतून ते तितकं कळत नाही.

आणि जुने फोटो बघा, गणवेशातल्या सैनिकांचे स्टुडिओतले. बॅज नेमका कुठे शिवलाय, किती तिरका, टाके दिसतात का. आदेशात एक आणि अंगावर दुसरंच असं बरेचदा असतं, कारण शिपाई स्वतःच सुई-दोरा घेऊन शिवायचे.

शिक्का आणि अक्षरं

भूदलाचे कपडे पुरवणारे मोठे डेपो होते, टोकियो, ओसाका, हिरोशिमा वगैरे. हिरोशिमाच्या डेपोच्या १९१३च्या लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, अणुबाँबनंतर तिथे जखमींना ठेवलं होतं. या डेपोंचे शिक्के कपड्यांवर असतात, त्यात डेपोचं अक्षर, साल आणि तपासणीची खूण. सुट्या बॅजवर शिक्का असेलच असं नाही, आणि नसला म्हणून तो खोटा ठरत नाही. असला तर वाचा. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, अधिकाच्या चिन्हासारखं अक्षर म्हणजे दहा. त्यामुळे अधिकचं चिन्ह आणि पुढे तीन रेघा दिसल्या की तेरा, म्हणजे १९३८.

अधिकाऱ्यांचं वेगळं असतं. ते आपला गणवेश स्वखर्चाने घ्यायचे, खासगी शिंप्याकडून किंवा काइकोशा नावाच्या अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या दुकानातून. म्हणून डॉक्टर किंवा पशुवैद्य अधिकाऱ्याचा बॅज थोडा मोठा, छान कापडाचा, वेगळ्या शिलाईचा निघाला तर लगेच नकली ठरवू नका.

एक युक्ती फार उपयोगी. जपानमध्ये युद्धानंतर अक्षरं सोपी केली, १९४६पासून सुरुवात आणि १९४९मध्ये नवीन रूपं पक्की. म्हणजे लोखंड, वैद्य अशा शब्दांची जुनी अक्षरं भरगच्च रेघांची होती, आजची सुटसुटीत आहेत. युद्धकाळातली म्हणून विकली जाणारी छापील किंवा विणलेली पट्टी आजच्या सोप्या अक्षरांत असेल तर मोठी शंका घ्या. हाताने लिहिलेल्याला हा नियम लावू नका, कारण लोक घाईत छोटी रूपं आधीपासून लिहायचेच. तसंच त्या काळात आडवं लिखाण बरेचदा उजवीकडून डावीकडे असायचं. एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका, पण नोंद घ्या.

हातात आल्यावर काय तपासायचं

भिंग घ्या, दहापटीचं पुरतं. आधी मागची बाजू बघा, पुढची नंतर, कारण नकली बनवणारा सगळी मेहनत पुढे करतो. खरा वापरलेला बॅज असेल तर कडेला टाक्यांची भोकं असतात, ती ताणलेली, असमान असतात, कुठे जुना दोरा अडकलेला असतो, आणि मागचा रंग पुढच्यापेक्षा गडद असतो कारण तिथे ऊन लागलेलं नाही. पुढे-मागे सारखाच फिका असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलाय का असा प्रश्न पडतो, वास घेऊन बघा, खरंच. न वापरलेले, गठ्ठ्यातले तुकडेही निघतात, त्यांना भोकं नसणार, तेव्हा भोकं नाहीत म्हणून फेकून देऊ नका.

मग दोरा. कडेचा सुटलेला एखादा धागा असेल तर, आणि असेल तरच, चिमट्यात धरून जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, सुती कागदासारखं जळून राख होते, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टरचा शोध १९४१चा, तोही इंग्लंडमध्ये, बाजारात आलं युद्धानंतर, म्हणून बॅजच्या मूळ शिलाईत मणी झाला की विषय संपला. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं आणि युद्धकाळात जपानने ते भरपूर वापरलं, त्यामुळे कापड जरा चमकतंय म्हणून घाबरू नका.

यूव्ही टॉर्चबद्दल लोक फार बोलतात. अंधारात टॉर्च मारली आणि धागा निळसर-पांढरा पेटला तर आधुनिक म्हणतात. बरंच खरं आहे, पण अस्सल जुनी वस्तू कोणी कधी आजच्या डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर तीही चमकते, आणि नकलीवाले आता न चमकणारा दोरा वापरतात. म्हणून यूव्हीला एक साक्षीदार समजा, न्यायाधीश नको.

युद्धाच्या शेवटी शेवटी माल घसरला होता. धातू वाचवायला चांदण्या हलक्या पत्र्याच्या किंवा दोऱ्याने भरलेल्या यायला लागल्या, कॉलरच्या पट्ट्या रबर चढवलेल्या कापडाच्याही मिळतात, कापड खरखरीत, रंग कच्चा. म्हणजे गबाळं काम हे खोटेपणाचं लक्षण नाही. उलट फार सुबक, सगळे टाके मशीनचे, कोरी करकरीत धार असलेला "१९४५चा" बॅज दिसला की मी दूर होतो.

आणि या वस्तू भलत्याच नावाने विकल्या जातात, त्या ओळखून ठेवा. जपानी रेड क्रॉसच्या सभासदत्वाची पदकं ढिगाने मिळतात, ती "आर्मी मेडिक बॅज" म्हणून खपवतात. निवृत्त सैनिकांच्या संघटनेचे छातीवरचे बिल्ले तसेच. अग्निशमनवाले, रेल्वेवाले यांचे बॅज. आणि १९५४नंतरच्या सेल्फ डिफेन्स फोर्सचे, म्हणजे जपानच्या आजच्या सैन्याचे. या सगळ्या खऱ्याच वस्तू आहेत, फक्त विकणारा सांगतो त्या नाहीत.

कुठून घ्यायचं

सगळ्यात जास्त माल जपानच्या ऑनलाइन लिलावात असतो. तिथे बाहेरच्या माणसाला थेट बोली लावणं अवघड, मधला एजंट लागतो, तो स्वतःच्या नावाने आपल्यासाठी बोली लावतो, वस्तू त्याच्या गोदामात येते आणि मग भारतात. तो भारतात पाठवतो का, आणि आतल्या पोस्टेजपासून त्याच्या फीपर्यंत एकूण किती होतं, हे बोलीच्या आधी बघा, कारण छोट्या बॅजपेक्षा वरचा खर्च जास्त होऊ शकतो. चार-पाच वस्तू साठवून एकत्र मागवणं परवडतं.

शोधायला हे शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून त्यांची जपानी अक्षरं घ्या: रिकुगुन म्हणजे भूदल, क्यूगुन म्हणजे जुनं म्हणजे युद्धाआधीचं सैन्य, एरिशो कॉलरचा बॅज, क्योशो छातीचा, वानशो दंडाचा, किशो म्हणजे एकूण बिल्ला. वर्णनात जित्सुबुत्सु आलं की विकणारा अस्सल म्हणतोय, फुकुसेई किंवा रेपुरिका म्हणजे नक्कल असं तो स्वतःच सांगतोय, आणि शोसाइ फुमेइ म्हणजे तपशील माहीत नाही. या शेवटच्या शब्दाला मी घाबरत नाही, उलट आजोबांचं घर रिकामं करणारा माणूस असं लिहितो आणि तिथेच कधी कधी जांभळा क्योशो जुन्या बटणांच्या ढिगात पडलेला असतो. मात्र "नो क्लेम, नो रिटर्न" हे वाक्य जवळपास प्रत्येक ठिकाणी असणार, तेव्हा आधीच मागच्या बाजूचा फोटो, मोजपट्टीसकट फोटो आणि पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडातला फोटो मागा. पांढरा कागद का, तर मोबाइलचा कॅमेरा रंगांची वाट लावतो, पोपटी आणि गडद हिरवा एकसारखे दिसतात, उडालेला जांभळा तपकिरी वाटतो, आणि इथे सगळा खेळच रंगाचा आहे.

भारतात येताना कस्टम्स आहे. पार्सलवर खरी किंमत आणि खरं वर्णन लिहायला सांगा, "गिफ्ट" वगैरे शहाणपणा नको. आपल्या पुरावस्तूंच्या कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे, त्यात १९४०च्या दशकातलं कापड अजून बसत नाही. तलवार, संगीन यांचं गणित वेगळं, कापडाबरोबर "फ्री" म्हणून कोणी संगीन पाठवत असेल तर नाही म्हणा.

राहिला आपल्याकडच्या घरांतला माल. मार्च १९४४मध्ये सांगशाकला, मणिपूरमध्ये, पॅराशूट ब्रिगेडच्या बरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. सातारा, कोल्हापूर, बेळगावकडच्या जुन्या फौजी घरांत ट्रंकेच्या तळाशी अशा लढायांतलं काही निघू शकतं. तिथे गेलात तर भाव करायच्या आधी गोष्ट लिहून घ्या, कोणाचा, कुठल्या बटालियनचा, कोणी आणला, आणि ट्रंकेचा, सोबतच्या कागदांचा फोटो काढा. पण एवढं असूनही कॉलरच्या सुट्या पट्टीवरून ती कुठल्या जपानी रेजिमेंटची हे सांगता येत नाही, म्हणून ऑनलाइन कोणी "कोहिमा रणांगणावरचा बॅज" म्हणत असेल तर त्या कोहिमाचे वेगळे पैसे देऊ नका. आणि स्वतः मणिपूर-नागालँडच्या डोंगरात डिटेक्टर घेऊन खणायला जायचं नाही, तिथे न फुटलेले बाँब आजही सापडतात.

बॅजबरोबर नाव लिहिलेलं काही आलं, ओळखीची चिठ्ठी, सह्यांचा झेंडा, तर एकदा विचार करा. अमेरिकेतली ओबोन सोसायटी असे झेंडे आणि वैयक्तिक वस्तू सैनिकांच्या कुटुंबांकडे परत पोचवायचं काम करते.

घरी आल्यावर

धुवायचं नाही. इस्त्री नाही, लॅमिनेशन तर नाहीच, फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवणाऱ्यांना काय म्हणावं. मऊ ब्रशने धूळ झटका आणि बस्स. लोकरीला कसर लागते, म्हणून नवीन आलेला तुकडा झिप बॅगमध्ये हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये दोनेक आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर बॅग लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी धरतं. धातूची चांदणी किंवा रबर असलेल्या पट्टीला फ्रीजर नको, नुसती वेगळी ठेवून लक्ष ठेवा. डांबराची गोळी कापडाला टेकवू नका.

नंतर ॲसिड-फ्री कागदात, सपाट, अंधारात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेल टाका आणि पावसाळ्यात ते बदलत राहा, पाच-सहाशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा मीटर मिळतो, काटा पन्नासच्या आसपास राहिला तर छान. रबरवाल्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, त्या चिकट होऊन शेजारच्याला डाग लावतात. जांभळा आणि फिका निळा भिंतीवर फ्रेम करायचा मोह आवरा, रंग उडाला की तो कुठल्या विभागाचा हेच सांगता येणार नाही.

प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि वहीत किंवा शीटमध्ये लिहा: पुढचा-मागचा फोटो मोजपट्टीसकट, मापं, कापड, दोरा, शिक्का असला तर, कुठून, केव्हा, कितीला, आणि विकणाऱ्याने काय सांगितलं ते वेगळ्या रकान्यात, तुम्हाला काय वाटतं ते वेगळ्या रकान्यात. हे दोन रकाने कधी एक करू नका. पिवळ्या क्योशोपुढे "तोफखाना किंवा तांत्रिक, ठरत नाही" एवढंच लिहिलेलं चालतं, पुढे कधी अंगरख्यावर शिवलेला तसाच दुसरा सापडला, अंगरख्याच्या आतला शिक्का वाचता आला, की मग ती नोंद बदलता येते.